लेकराचं शेत, दुसऱ्याची सही

पैनगंगेच्या अल्याड बेला, जैनथ, तांसी. पल्याड केळापूर, झरी जामणी. 1956 साली भाषावार राज्यं झाली तेव्हा आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेलं आणि याच जिल्ह्यातले किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. सीमा कागदावर आखली गेली, सोयरिकी मात्र तशाच राहिल्या. म्हणून आजही इकडच्या मराठी घरांपैकी अनेकांची थोडी जमीन अल्याड, थोडी पल्याड असते. अल्याडच्या रानाची पहाणी आणि पट्टादार पासबुक तेलुगूत, पल्याडच्या रानाचा सातबारा मराठीत. घरातला कर्ता माणूस अवेळी गेला, की या दोन्ही कागदांवर कुणाची तरी सही लागते. लेकरं लहान असतात, बायकोनं कधी तहसीलची पायरी चढलेली नसते, आणि मग जो पहिला पुढे येतो त्याच्या हाती सगळं जातं. तो माणूस चुलता असतो, मामा असतो, कधी कापसाचा अडत्याही असतो. त्याची निवड कुणीच केलेली नसते. ती निवड करता येते, त्या माणसाला कायद्यानं बांधता येतं आणि त्याला पगारही देता येतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

तेलंगणात 2018च्या ऑगस्टमध्ये रयतु बीमा योजना सुरू झाली. 18 ते 59 वयाचा पट्टादार शेतकरी कोणत्याही कारणानं वारला, तर एलआयसीकडून त्याच्या नॉमिनीच्या खात्यात पाच लाख रुपये जमा होतात. हप्ता सरकार भरतं. योजना चांगली आहे. पण पैसा खात्यात पडल्यावर पुढे काय? ज्या घरात एका हंगामाचा हिशेब कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीत राहतो, तिथे एकरकमी पाच लाख आले की देणेकऱ्यांच्या आधी भाऊबंद दारात येतात. नॉमिनी अज्ञान असेल, तर त्याच्या वतीनं रक्कम घेणाऱ्या प्रौढ माणसाचं नाव देण्याची सोय विमा कायद्याच्या 39व्या कलमात आहे. अर्ज भरताना ते नाव विचार करून लिहायला हवं.

आता जमिनीचं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 सालचा आहे. वडील गेले की आई ही नैसर्गिक पालक. तरीही मुलाच्या नावची स्थावर मालमत्ता विकायची, गहाण टाकायची किंवा पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं मक्त्यानं द्यायची, तर तिला आधी जिल्हा न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. परवानगीवाचून केलेला व्यवहार मुलगा सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकतो. चुलत्याला तर एवढाही अधिकार नाही. केवळ तो घर चालवतो म्हणून त्याला अज्ञानाची मालमत्ता विकता येत नाही, असं 11वं कलम स्पष्ट सांगतं. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्शाला हे नियम जसेच्या तसे लागत नाहीत. तिथे कर्त्याचा अधिकार येतो. घरोघरी तंटे इथेच पेटतात.

पल्याडचा जुना सातबारा हातात घेऊन बघा. नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असं दिसेल, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. दुसऱ्या एखाद्या उताऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.म.’ असतं: एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरला भाऊ फक्त व्यवस्थापक होता, जमीन सगळ्यांची होती, एवढं त्या तीन अक्षरांत आहे. पुढे कधी तरी नोंद उतरवताना ती अक्षरं गळाली, की थोरल्याची मुलं मालक ठरतात आणि धाकट्याची विधवा वकिलाच्या ओट्यावर बसते. अल्याडही तेच. इकडे जमिनीच्या नोंदींसाठी 2020मध्ये धरणी आलं, 2025मध्ये त्याच्या जागी भूभारती आलं. नोंदी एका यंत्रणेतून दुसरीकडे जातात तेव्हा आपलं नाव, हिस्सा आणि सर्व्हे नंबर नीट उतरलाय का, हे तेलुगू वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घेतलंच पाहिजे. बाकी कुठे चालढकल झाली तर निभेल, इथे नाही.

आईबाप दोघंही नसतील किंवा आईला हे ओझं झेपणार नसेल, तर 1890चा पालक व पाल्य कायदा आहे. जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा. पाल्याच्या मालमत्तेसाठीचा अर्ज मूल जिथे राहतं तिथे किंवा मालमत्ता जिथे आहे तिथे करता येतो. दोन्ही काठांवर जमीन असलेल्यांना याचा उपयोग होतो. न्यायालय पालकाकडून जामीनखत घेऊ शकतं, सहा महिन्यांत मालमत्तेची यादी मागू शकतं, ठरावीक काळानं हिशेब सादर करायला लावू शकतं आणि त्याच्या कामाचा मोबदलाही ठरवून देऊ शकतं. हा मोबदला लोकांना खटकतो. लेकराच्या पैशातून पगार कसला घ्यायचा, असं विचारतात. मला मात्र फुकट राबणाऱ्या पालकाचीच जास्त धास्ती वाटते. ज्याला उघडपणे काही मिळत नाही, तो दोन-तीन वर्षांनी आपल्या श्रमाचा हिशेब स्वतःच मनात मांडतो आणि तो हिशेब कोणाला दिसत नाही.

बाप जिवंत असतानाच व्यवस्था करायची, तर 1882चा भारतीय विश्वस्त कायदा हाताशी आहे. जमीन विश्वस्तांकडे द्यायची असेल, तर नोंदणी केलेला दस्त हवा किंवा मृत्युपत्र हवं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. विश्वस्तानं शहाणा माणूस स्वतःची मालमत्ता जपतो तशी ती जपायची, हिशेब ठेवायचा आणि मागितला की दाखवायचा, त्या मालमत्तेवर स्वतःचा फायदा करायचा नाही, आणि विकायचं काम त्याच्याकडे असेल तर ती स्वतः विकत घ्यायची नाही. शेवटचा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे लेकराचं शेत स्वस्तात घेणारा बहुधा शेजारच्या बांधाचा सख्खा चुलताच असतो. याच कायद्यानं, दस्तात लिहिलं नसेल तर विश्वस्ताला मेहनताना मागता येत नाही. म्हणून व्यावसायिक माणूस नेमायचा असेल, तर फी किती आणि कशी, हे दस्तातच लिहावं लागतं.

नॉमिनी म्हणजे वारस, हा समज खोलवर रुजलाय. बँकेच्या ठेवीत किंवा शेअरमध्ये नॉमिनी पैसे स्वीकारतो. ते कुणाचे, हे वारसाहक्काचा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. ज्यांचं कालनिर्णय घरोघर भिंतीवर असतं, त्या जयंत साळगावकरांच्या कुटुंबातला वाद याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर 2023मध्ये निकाल लागला: नॉमिनी झाल्यानं शेअर वा म्युच्युअल फंडाची मालकी मिळत नाही.

म्हाताऱ्यांची अडचण निराळी. मुलगा हैदराबादला किंवा परदेशात, बाप बेल्यात. बाप मुलाला किंवा पुतण्याला मुखत्यारपत्र देतो आणि निर्धास्त होतो. पण कराराच्या कायद्याप्रमाणे देणारा वारला किंवा त्याचं मानसिक भान हरपलं, की मुखत्यारपत्र संपतं. जेव्हा त्याची खरी गरज पडते, नेमकं तेव्हाच ते कामाचं राहत नाही. निव्वळ मुखत्यारपत्रावर जमिनीची मालकीही बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली ते निर्विवाद सांगितलं. मुलांनी सांभाळायचं अशा अटीवर बक्षीसपत्र केलं असेल आणि ते सांभाळत नसतील, तर 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या 23व्या कलमानं ते रद्द करवून घेता येतं. ती अट दस्तात शब्दांनी लिहून घ्यावी.

मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम असलेल्या मुलाचं मूलपण अठराव्या वर्षी कायद्यापुरतं संपतं, गरज संपत नाही. अशा मुलांसाठी 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालक नेमते. आपण गेल्यावर याचं कोण, या काळजीनं रात्र काढणाऱ्या आईबापांनी हयातीतच तिथे जावं.

इंद्रवेल्ली, उटनूर, नारनूरकडच्या एजन्सी म्हणजे अनुसूचित भागाचं पाणी वेगळं. 1959च्या जमीन हस्तांतरण विनियमाला 1970 साली दुरुस्ती झाली. ‘वन ऑफ सेव्हन्टी’ म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे. तिथली जमीन आदिवासींखेरीज कुणाकडे जाऊ शकत नाही. वर सांगितलेला 1956चा पालकत्व कायदाही अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. गोंड, कोलाम घरातल्या लेकरासाठी बिगर-आदिवासी विश्वस्ताच्या नावे जमीन करू असं कुणी सुचवलं, तर तो सल्ला तिथल्या तिथे नाकारावा.

मग नेमायचं कुणाला? अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात नात्याबाहेरच्या एकाहून जास्त लोकांचं पालकत्व पत्करणाऱ्याला 2006च्या कायद्यानुसार परवाना काढावा लागतो. आपल्याकडे असा परवानाधारक व्यवसाय नाही. मोठ्या शहरांत विश्वस्त कंपन्या आहेत, पण आठ-दहा एकरांच्या कास्तकारासाठी त्यांची फी परवडणारी नाही. आपल्याला सनदी लेखापाल, दिवाणी वकील किंवा निवृत्त बँक अधिकारी यांच्यातूनच माणूस शोधावा लागतो. माझं मत असं, की लेकरू मायेच्या माणसाकडे राहावं आणि पैसा-जमीन दुसऱ्याकडे. दोन विश्वस्त नेमावेत, एक नात्यातला आणि एक पगारी. दस्तात वेगळं काही म्हटलं नसेल तर दोघांनी मिळूनच निर्णय घ्यावा लागतो, त्यामुळे एकट्याच्या सहीनं काही हलत नाही.

त्या पगारी माणसाला पहिल्याच भेटीत तोंडावर विचारावं. फी ठरलेली वार्षिक, की प्रत्येक व्यवहारावर टक्केवारी? टक्केवारी असेल तर तो विकायचीच घाई करील. लेकराच्या नावानं वेगळं खातं उघडणार ना? दरवर्षी कापूस-सोयाबीन विकल्यावर पट्टीच्या नकला कुणाला देणार? तेलुगू पहाणी आणि मराठी सातबारा दोन्ही वाचता येतात का? तुम्ही आजारी पडलात तर तुमच्या जागी कोण? ज्याच्याकडे आपली उधारी आहे त्याला, म्हणजे अडत्याला, कृषी केंद्रवाल्याला किंवा सावकाराला, हे काम देऊ नये. तो कितीही भला असो, त्याचं येणं आधी वसूल होणार. आणि जो म्हणतो, कागद कशाला, माझ्यावर विश्वास नाही का, त्याला नमस्कार करून उठावं.

एकदा नेमलेला पालक कायमचा नसतो. तो पैसा खातो, हयगय करतो किंवा त्याचा स्वार्थ आड येतो असं दिसलं, तर न्यायालय त्याला काढू शकतं. मूल 18 वर्षांचं झालं की पालकत्व संपतं. त्या दिवशी सगळा हिशेब आणि कागद हाती मागायचे, पल्याडच्या तलाठ्याकडे अ.पा.क. शेरा कमी करायचा अर्ज द्यायचा. परवानगीवाचून पालकानं काही विकलं असेल, तर ते रद्द करण्याच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची आहे, म्हणजे एकविसावा वाढदिवस येईपर्यंत.