ताट वेगळे नको, खिडकी उघडी हवी



तळा तालुक्यातील बौद्धवाड्यांत आम्ही जातो तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसते. घरात कुणाला क्षयरोग, म्हणजे टीबी झाल्याचे कळले की आधी त्याचे ताट आणि पेला वेगळा होतो. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, पाण्याच्या हक्कासाठी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्या समाजाच्या घरात आजारी माणसाचा पेला वेगळा ठेवावा, हे आम्हाला बोचते. शिवाय त्याने रोग थांबतही नाही.

टीबी हा जंतूपासून होणारा रोग आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी हा जंतू सापडल्याचे जाहीर केले. करणी, बाहेरची बाधा, मागच्या जन्मीचे पाप यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, शिंकतो तेव्हा जंतू हवेत येतात आणि बंद खोलीत बराच वेळ राहतात. भांडी, कपडे, एकत्र जेवण यांतून तो पसरत नाही. म्हणून खिडकी उघडी ठेवा, रुग्णाला तोंडावर रुमाल किंवा मास्क लावायला सांगा, थुंकी झाकणाच्या डब्यात घ्या. औषध नीट लागू पडले की साधारण दोन आठवड्यांत लागण होण्याचा धोका बराच कमी होतो.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री घाम, थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असेल तर आशाताईंना सांगा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. मधुमेह आणि एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी.

नेहमीच्या टीबीचा उपचार किमान सहा महिने चालतो. महिना-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते आणि माणूस गोळ्या सोडतो. इथेच घात होतो. उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात आणि मग उपचार जास्त अवघड होतो. लघवी लालसर-नारिंगी झाली तर घाबरू नका, तो गोळीचा रंग आहे. मात्र डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या झाल्या किंवा नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बहिणींनो, या औषधांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. दुसरे साधन वापरण्याबद्दल नर्सताईंना मोकळेपणाने विचारा.

आपली बरीच माणसे कामासाठी मुंबईला असतात आणि भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला गावी येतात. उपचार चालू असेल तर निघण्याआधी केंद्रात सांगा, पुरेशा गोळ्या सोबत घ्या. प्रत्येक रुग्णाला निक्षय क्रमांक मिळतो. मुक्काम वाढणार असेल तर त्याच क्रमांकावर नाव तळ्याकडे वर्ग करून घेता येते.

निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. खाजगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्यांनाही, निक्षयमध्ये नोंद असेल तर, ती मिळते. आधार आणि खात्याचे पासबुक घेऊन जा. पैसे आले नाहीत तर केंद्रात विचारा किंवा १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर फोन करा. त्या पैशांतून अंडी, सुकट, वाल, शेंगदाणे, नाचणी रुग्णाच्या ताटात पडू द्या. दारू मात्र पूर्ण बंद.

घरातल्या सर्वांची, विशेषतः लहान मुलांची तपासणी करून घ्या. रोग नसलेल्यांनाही तो होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या जातात.

आमची महिला मंडळांना विनंती आहे: रविवारच्या वंदनेनंतर पाच मिनिटे या विषयावर बोला. वाडीत कुणी उपचार घेत असेल तर नाव पुकारू नका. त्याच्या घरी जा, गोळ्या घेतल्या का ते विचारा आणि त्याच्याबरोबर जेवायला बसा.