झाकलेली जीप

तुमच्या घराच्या मागच्या पडवीत, परसात नाहीतर गोठ्याच्या कडेला एखादी तरी वस्तू अशी असेलच. धड वापरात नाही आणि धड टाकवतही नाही. कुणाकडे आईचं शिलाई मशीन, कुणाकडे सासऱ्यांची सायकल. आमच्याकडे जीप होती.

आमचं गाव अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे. इथला पाऊस तुम्ही ऐकून असाल. एकदा लागला की भंडारदरा भरेपर्यंत दम खात नाही. पंचवीस वर्षांपूर्वी वाड्यांवर जायचं तर एक आपले पाय, नाहीतर जीप. माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, १९९८ मध्ये जुनी जीप घेतली. महिंद्राची एमएम ५४०, १९८७ सालची, ‘एमएच’ येण्याआधीच्या नंबरची. महिंद्राने मुंबईत अमेरिकन विलिस जीप जोडायला सुरुवात केली आणि लढाईसाठी घडलेली ही गाडी बघता बघता आपल्या खेड्यापाड्यांची झाली. आमची ५४० डिझेलवरची. इंजिन मूळ फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या बनावटीचं. खालचा छोटा दांडा ओढला की चारही चाकांना जोर यायचा आणि गाडी म्हशीसारखी शांतपणे चिखलातून बाहेर पडायची.

त्या जीपने काय नाही केलं? भाताची पोती वाहिली, गावची वऱ्हाडं नेली. मी लसीकरणाच्या कामाला जायचे तेव्हा भाऊजीच सोडायचे. अडलेल्या दोन बाळंतिणी मी स्वतः त्या जीपमधून रात्री-अपरात्री दवाखान्यात नेल्या आहेत.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये भाऊजी गेले. हार्ट अटॅक. वय अवघं एकेचाळीस. माझी धाकटी जाऊ तेव्हा बत्तीस वर्षांची आणि पुतण्या नऊ वर्षांचा. आम्ही सगळे जावेला धाकटीच म्हणतो. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी गडी बोलावला, जीप आंब्याखाली लावली आणि वरून जाड प्लास्टिकचा कागद घालून दोरीने करकचून बांधली. “पोराची वस्तू आहे, भिजायला नको,” म्हणाल्या.

दहा वर्षं ती तशीच राहिली.

भंगारवाला दरवर्षी यायचा. शेवटी बावीस हजारांपर्यंत आला. आमचे हे म्हणायचे, “देऊन टाका, साप-विंचवाला घर नको.” धाकटी काहीच बोलायची नाही. फक्त त्या दिवशी जेवायची नाही.

२०२२ च्या दिवाळीत घर सारवताना मीच विषय काढला. पुतण्याची बारावी झाली आणि लॉकडाऊनमध्ये शिक्षण सुटलं ते सुटलंच. दिवसभर मोबाईल, नाहीतर कट्टा. धाकटी आतल्या आत झुरायची. मी म्हटलं, “विकायची नसेल तर दुरुस्त करू या. पण अशी नको ठेवायला.” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ताई, कागद तरी काढून बघू.”

कागद काढला आणि आम्हाला रडूच आलं. बाजूला उघड्यावर पडलेला जुना लोखंडी नांगर वरवर तांबरलेला, पण आतून मजबूत. आणि आमची झाकून ठेवलेली जीप? पायाखालचा पत्रा बोटाने दाबला तर आरपार गेला!

शेजारच्या गावातल्या मिस्त्रीकाकांना दाखवली. त्यांनी सांगितलं ते मला आजही आठवतं. गंज पावसाने चढत नाही, ओल साचून चढतो. भिजलेलं लोखंड वाऱ्याला सुकतं. पण प्लास्टिकखाली जमिनीची वाफ वर जाते, कागदाला थेंब धरतात आणि तेच थेंब रोज रात्री पत्र्यावर पडतात. त्यात पायाखाली रबरी मॅट. तिच्या खाली ओल कायमचीच. शिवाय गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला फुगे येतात. फुगा दिसतो तेव्हा आतलं काम बरंच झालेलं असतं.

“मायेनंच मारलीत गाडीला,” काका म्हणाले. सासूबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या.

आता कामाचं सांगते. कुणाला उपयोग झाला तर झाला.

पहिली गोष्ट, चेसिस. गाडीचा कणाच तो. काकांनी हातोडीने ठिकठिकाणी वाजवून बघितला, आपण माठ घेताना वाजवतो ना, अगदी तसा. खणखणीत आवाज आला तर जीव आहे. भद्द आवाज आला तर आत पोकळ. आमचा चेसिस दोन जागा सोडून खणखणीत निघाला. तो सडला असता तर काकाच म्हणाले असते, नाद सोडा.

मग नट-बोल्ट. जोर लावला की तुटतात. त्यांना चार-चार दिवस डिझेल पाजत बसावं लागतं. हे काम धाकटीने घेतलं. सकाळी धारा काढून झाल्या की जुना ब्रश आणि वाटीभर डिझेल घेऊन बसायची. काढलेला प्रत्येक नट लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, वर चिठ्ठी: ‘डावा दरवाजा’, ‘मडगार्ड’, ‘पाटे – मागचे’. पुतण्या प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढायचा. ज्या मोबाईलला मी रोज शिव्या घालायचे, तोच कामाला आला!

इंजिन जाम झालेलं. काकांनी नोझल काढून आत डिझेल-ऑइल सोडलं आणि आठ दिवस हात लावू नका म्हणाले. नवव्या दिवशी पाना लावून हळूहळू फिरवलं, तेव्हा कुठे ते जरासं हललं. तेवढ्यावरच आम्ही चहा केला. पुढचं काम मात्र काकांच्याच गॅरेजमध्ये झालं.

पत्रा घरीच झाला. सडलेला भाग कापायचा आणि चांगलं लोखंड लागेपर्यंत मागे जायचं. इथे लोभ धरला की संपलं. सोळा गेजचा नवा पत्रा संगमनेरहून आणला. डिझेलची टाकी आधीच काढून लांब ठेवली. वेल्डिंगची ठिणगी आणि टाकी एका अंगणात नको. ग्राइंडर चालू असताना डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क हवाच. आणि जुन्या ब्रेकच्या धुळीवर चुकूनही फुंकर मारू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसायचं.

चुकाही झाल्या. एका रंगाऱ्याने गंज न खरवडताच वरून लांबी भरली आणि गुळगुळीत करून पैसे घेऊन गेला. महिनाभरात फुगे आले. सगळं पुन्हा खरवडलं. वायर ब्रश, पॉलिश पेपर, मग गंज काळा करून थांबवणारं द्रावण, मग प्रायमर, मग रंग. पत्र्याखाली पाणी जायची जी मूळची भोकं असतात ती आधी मातीने बुजलेली होती. ती मोकळी केली आणि मोकळीच ठेवली.

दुसरी चूक माझी. इंजिन सुरू झालं त्या दिवशी मीच म्हटलं, अंगणात एक चक्कर मारा. ब्रेकचं काम राहिलं होतं. पुतण्याने पाय दिला तर पेडल थेट खाली! गाडी वैरणीच्या गंजीत जाऊन थांबली म्हणून निभावलं. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, आधी थांबायची सोय करा, मग चालायची. ब्रेकचे पाइप, डिझेलचे पाइप, पट्टे, रबराचं जे जे असेल ते दिसायला बरं असलं तरी नवंच घाला.

खर्च विचाराल तर इंजिन अडतीस हजार, पाच टायर सव्वीस, ब्रेक-क्लच आणि रबरी सामान एकोणीस, पत्रा-वेल्डिंग सतरा, रंग बावीस, बॅटरी-वायरिंग अकरा, हूड आणि सीट नऊ. एकूण एक लाख बेचाळीस हजार. धाकटीने चाळीस हजार बचत गटातून कर्जाऊ घेतले, पन्नास हजार तिच्या दुधाचे साठलेले, उरलेले आम्ही दिले. एवढ्यात चालती जुनी गाडी आली असती, असं हे अजून म्हणतात. हिशेबाने बरोबरच आहे त्यांचं.

पण खरी गाठ पुढे होती. कागदपत्रं.

गाडी भाऊजींच्या नावावर. मालक गेला की वारसाने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची, असा नियम आहे. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्या दिवसांत कुणाला सुचतं? त्यात खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. आमचं २०१२ मध्ये राहूनच गेलेलं. नूतनीकरणाची सहाशे रुपयांची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली होती, पुढेही वाढली. वर उशिराचा दंड, हरित कर, विमा, पीयूसी. म्हणून जुन्या गाडीवर पैसे घालण्याआधी कागदांची चौकशी करा. आम्ही उलटं केलं आणि चार महिने श्रीरामपूरच्या खेपा घातल्या.

नावावर करायला बाकी वारसांची ना-हरकत लागत होती. कायद्याने बायको, मुलगा आणि आई असे तिघे वारस. पुतण्याची सही झाली. राहिल्या सासूबाई. वय ब्याऐंशी. आमच्या घरात जमीन, घर, वीज बिल, सगळं पुरुषांच्या नावावर. भावकीतल्या एकाने सुचवलंही, “पोराच्याच नावावर करा की. बाईमाणसाला कशाला गाडी?”

सासूबाई जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “जीप मीच झाकली होती. आणि हिलाही.” धाकटीकडे बघून म्हणाल्या, “कुठं जाऊ नको, लोक काय म्हणतील, म्हणत दहा वर्षं घरात ठेवली. हिच्याच नावावर करा.” आणि अंगठा उमटवला.

मी त्या वेळी आत निघून गेले. कारण झाकणाऱ्यांत मीही होतेच की! गावोगाव महिला मेळाव्यांत भाषणं करणारी मी, घरात मात्र “तू राहू दे, तुला कशाला त्रास,” म्हणत तिला प्रत्येक कामातून सोडवत आले. त्याला मी आजवर माया समजत होते.

नवीन आर.सी. आली तेव्हा धाकटीने आपलं नाव दोनदा वाचलं. रेशन कार्ड सोडलं तर मालक म्हणून तिचं नाव कुठेच नव्हतं. मग तिने अकोल्याच्या मोटार स्कूलमध्ये नाव घातलं. लायसन्स मिळालं. ते छोट्या गाडीवरचं शिकणं. जीपचं स्टिअरिंग म्हणजे जातं ओढल्यासारखं! पहिले दोन महिने खांदे शेकत होती.

आता आठवड्यातून एकदा गटाचा तांदूळ, नाचणीचे पापड घेऊन ती राजूरच्या बाजाराला जाते. बहुतेक दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या गिअरमध्ये. पुतण्याने आय.टी.आय.मध्ये वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स पूर्ण केला, तो काकांकडे कामाला लागलाय. सगळं गोड झालं असं नाही म्हणणार. गटाचे हप्ते अजून चालू आहेत आणि थंडीत गाडी सुरू व्हायला वेळ घेते.

डाव्या मडगार्डवर एक पोचा आहे. भाऊजींनी कधीतरी दगडाला घासली होती तो. नव्या रंगाऱ्याने तो भरायला लांबी कालवली, तेव्हा धाकटी म्हणाली, “तेवढा राहू द्या. खालचा गंज काढा, वरून रंग द्या, पण तो भरू नका.”

जीप आता शेडमध्ये उभी असते. वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या. परवा पाऊस तिरका यायला लागला तशा सासूबाई सवयीने म्हणाल्या, “अगं, कागद टाका तिच्यावर.” धाकटी पदर खोचत म्हणाली, “नको आत्याबाई. वारं लागू द्या तिला.”