जहाज गोव्यात लागलं. आता शहापूर-मुरबाड कसं गाठायचं?

मुंबईहून जहाजाने गोव्याला जायची हौस आता आपल्या तालुक्यांतही रुजली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’ जहाजाच्या देशांतर्गत सफरी सुरू झाल्या. या सफरींपैकी ज्या गोव्यात संपतात, त्यांना जाणारी मंडळी जाण्याची तयारी महिनाभर करतात आणि परतीचं मात्र ‘विमानाने येऊ, तासाभराचं तर आहे’ एवढ्यावर सोडून देतात. विमान आपल्याला मुंबईत आणून सोडतं. आपलं घर आसनगावच्या पुढे, नाहीतर कल्याणहून माळशेजच्या रस्त्याला आहे. म्हणून तिकीट काढण्याआधी हा सगळा रस्ता एकदा बोटाने नकाशावर फिरवून पाहा.

सुरुवात जहाजावरच्या शेवटच्या रात्रीपासून. मोठ्या बॅगांना चिठ्ठी लावून त्या रात्रीच केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळी त्या थेट बंदरावर मिळतात. औषधं, आधार कार्ड, फोनचा चार्जर आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवायला विसरू नका. उतरणं गटागटाने होतं. जहाज नऊला लागलं म्हणजे नऊला आपण रस्त्यावर, असं होत नाही. दीड-दोन तास धरूनच पुढचं ठरवावं.

जहाज लागतं मुरगाव बंदरात. सर्वांत जवळचं स्टेशन वास्को, आणि नवखा माणूस इथेच फसतो. वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड अशी दिल्लीकडे जाते. ती कल्याणला येतच नाही. आपल्याला हवी कोकण रेल्वे, म्हणजे मडगाव. वास्कोहून मडगाव सुमारे ३० किलोमीटर. टॅक्सीने तासभर धरा.

विमानानेच यायचं असेल तर तिकिटावरची तीन अक्षरं नीट वाचा. गोव्यात दोन विमानतळ आहेत. ‘जीओआय’ म्हणजे दाबोळी, बंदरापासून अगदी जवळ. ‘जीओएक्स’ म्हणजे मोपा, पार उत्तरेला पेडण्याकडे. तिथून जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात. मुरगावहून मोप्याला जायला दोन तास हाताशी ठेवावे लागतात. दाबोळी समजून मोप्याचं तिकीट काढलं तर विमान चुकलंच म्हणून समजा. आता या बाजूलाही तीच काळजी घ्यावी लागते, कारण डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. ‘बीओएम’ म्हणजे जुना मुंबई विमानतळ आणि ‘एनएमआय’ म्हणजे नवी मुंबई.

जुन्या विमानतळाच्या टर्मिनल दोनवर उतरलात तर टॅक्सीवाल्याशी घासाघीस करायची गरज नाही. तिथूनच मेट्रो तीन धरून आरेच्या दिशेने एकच स्टेशन पुढे मरोळ नाका, तिथे मेट्रो एक धरून घाटकोपर, आणि घाटकोपरहून कसारा किंवा आसनगाव लोकल. सगळं धरून आसनगावपर्यंत अडीच तास. फक्त संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात दोन बॅगा घेऊन कसारा लोकलमध्ये शिरायचा विचार करू नका. दारातली गर्दी बॅग बघत नाही.

आता हिशेब मांडू. मोप्याला जायला दोन तास, उडण्याआधी दोन तास, सव्वा तास विमान, अर्धा तास सामानाला, अडीच तास आसनगावपर्यंत. सव्वाआठ तास झाले. आता रेल्वेचं बघू. वंदे भारत मडगावहून दुपारी २:४० ला निघते. ही गाडी जून २०२३ मध्ये सुरू झाली आणि पावसाळा सोडला तर शुक्रवारखेरीज रोज धावते. सकाळी जहाजातून उतरून, मडगावला पोटभर जेवून ती आरामात मिळते. ती रात्री साडेनऊच्या सुमारास ठाण्याला येते. ठाण्याला उतरायचं कारण साधं आहे: पनवेलहून येणारा रूळ दिव्याला मिळून मुंबईकडे वळतो, त्यामुळे या गाडीच्या वाटेत कल्याण लागत नाही. ठाण्याहून आसनगाव सव्वा तास. म्हणजे वेळ जवळपास विमानाएवढाच आणि चढ-उतार निम्मी. पावसाळी वेळापत्रकात मात्र ती आठवड्यातून तीनच दिवस धावते आणि वेळही जास्त घेते, हे लक्षात असू द्या.

माझ्या मावशीला आम्ही असंच आणलं. टिटवाळ्यानंतर डबा रिकामा झाला, खडवलीला खिडकीतून गार वारा आला आणि ती म्हणाली, “आलं गं आपलं.” रात्री अकराला आसनगावच्या पुलाखाली रिक्षावाले ‘शहापूर, शहापूर’ ओरडत उभे होते. पाठीमागे वळून पाहायची वेळ आली नाही. शहापूरकरांसाठी हाच रस्ता, यात मला शंका नाही.

मुरबाडचं तसं नाही. तिथे रेल्वे नाही, आणि रात्री साडेदहाला कल्याणला उतरलेल्या माणसाला पुढचे ३० किलोमीटर बॅगांसह कोण नेणार? मुरबाड, सरळगाव, टोकावड्याच्या लोकांनी एक रात्र मडगावला काढावी आणि एर्नाकुलमहून दिल्लीला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस धरावी. ही गाडी पनवेलहून थेट कल्याणला येते. मडगावहून ती पहाटेच निघते, जहाज लागायच्या किती तरी आधी. म्हणून मुक्काम आलाच. पण कल्याणला उतरल्यावर दिवस हाताशी असतो आणि एसटी मिळते. (हीच गाडी पुढे नाशिककडे जाताना आसनगाव ओलांडते, पण थांबत नाही, तेव्हा ती धरलीच तर शहापूरकरांनीही कल्याणलाच उतरावं.)

गाडीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जहाजाची तारीख नक्की झाली की त्याच दिवशी परतीच्या गाडीचंही बघा. आणि मुरबाडकरांनी त्याआधी आगारात जाऊन कल्याणहून सुटणाऱ्या शेवटच्या एसटीची वेळ विचारून घ्यावी.