नुकसान बांधीत, हिशेब सातबाऱ्यावर

अतिवृष्टी, पूर किंवा अवेळी पावसाने पीक गेल्यावर सरकारकडून मिळणाऱ्या रकमेला बोलण्यात ‘नुकसानभरपाई’ म्हणतात. शासन निर्णयांत मात्र तिचे नाव ‘निविष्ठा अनुदान’ असे आहे. गेलेल्या पिकाची किंमत भरून देणे हा तिचा उद्देश नाही. पुढच्या हंगामाचे बियाणे-खत घेता यावे, एवढाच हातभार त्यात धरलेला असतो, आणि तोही एका हंगामात एकदाच.

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड परिसरात या ‘एकदाच’चा अर्थ नेमका कळतो. इथले मुख्य पीक धान. त्याला पावसाचा धोका दोनदा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, आणि नुकतीच रोवणी झालेल्या बांध्या पाण्याखाली जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापून ठेवलेल्या कडपा भिजतात आणि लोंबीतच दाण्याला कोंब फुटतात. दोन्ही फटके एकाच खरीप हंगामातले.

मदतीची पहिली कसोटी आपत्तीची. अतिवृष्टी पर्जन्यमापकावर ठरते. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, तर ती अतिवृष्टी. मंडळात गावे अनेक असतात आणि पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही, म्हणून मापकापासून दूरच्या गावातला मुसळधार पाऊस आकड्यात न उमटण्याची शक्यता राहते. पुराचे पाणी शेतात शिरले तर ती वेगळी आपत्ती ठरते. अवेळी पाऊस आणि वीज पडणे यांचा समावेश राज्याने 2014 मध्ये मदतीस पात्र आपत्तींच्या आपल्या यादीत केला.

दुसरी कसोटी नुकसानीच्या प्रमाणाची. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. त्यात पिकाचे नुकसान 33 टक्के किंवा अधिक असावे लागते. 2015 पूर्वी ही अट 50 टक्क्यांची होती. कडपांच्या बाबतीत वेळ महत्त्वाची असते. ऊन पडताच शेतकरी धान उलटवून वाळवतो, पुंजणे रचतो, आणि पंचनाम्याला उशीर झाला की नुकसानीची खूणच उरत नाही.

मदतीचे दर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार ठरतात. महाराष्ट्रासाठी या निधीत केंद्राचा वाटा 75 टक्के आणि राज्याचा 25 टक्के असतो. 2022-23 ते 2025-26 या काळासाठी केंद्राने कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये ठरवले, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. राज्याने मधल्या काळात स्वतःचे पैसे घालून हे दर 13,600, 27,000 आणि 36,000 केले व मर्यादा तीन हेक्टरांवर नेली. मे 2025 मध्ये पुन्हा मूळ दर आणि मर्यादा लागू झाली. राज्याच्या ऑक्टोबर 2025 च्या मदत पॅकेजमध्ये मर्यादा परत तीन हेक्टर झाली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी व इतर खर्चासाठी हेक्टरी 10,000 रुपये वेगळे जाहीर झाले.

60 आर कोरडवाहू धान पूर्ण गेले, तर 8,500 च्या दराने हाती 5,100 रुपये येतात. 2025-26 मध्ये साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला 2,369 रुपये होती. म्हणजे हेक्टरी मदत सुमारे साडेतीन क्विंटल धानाच्या मोलाची.

पंचनाम्यानंतर माहिती संगणक प्रणालीत भरली जाते आणि प्रत्येक शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो. आधार प्रमाणीकरण झाले की रक्कम थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. वारसाची नोंद झालेली नसेल, सातबारा सामाईक असेल किंवा खाते आधारशी जोडलेले नसेल, तर पैसे इथेच अडतात. शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना 2025 मध्ये या प्रमाणीकरणातून सूट मिळाली.

पीकविमा आणि धानाचा बोनस ही या मदतीहून वेगळी खाती. विम्यासाठी हप्ता भरावा लागतो. 2025 च्या खरिपापासून एक रुपयात मिळणारा विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नावर ठरू लागली. बोनस हे धानाला दिलेले प्रोत्साहन आहे, त्याचा आपत्तीशी संबंध नाही.