‘संस्कार’ पाहून उठल्यावर

आज मी म्हैसूरमधून बोलतेय. मी राहते त्या भागाचं नाव अग्रहार. इथे एकशे एक गणपतींचं देऊळ आहे आणि चौकात दिवसभर बस, रिक्षा, भाजीवाले यांची वर्दळ असते. अग्रहार म्हणजे मुळात राजाने ब्राह्मणांना दान दिलेली वस्ती. एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या ओळी, एखादं देऊळ, जवळपास पाणी. आता इथे सगळ्या प्रकारचे लोक राहतात. नाव तेवढं जुनं राहिलंय.

आजचा सिनेमाही एका अग्रहारातच घडतो. ‘संस्कार’, कन्नड, १९७०. दिग्दर्शक पट्टाभिराम रेड्डी, पटकथा गिरीश कर्नाड यांची, मूळ कादंबरी यू. आर. अनंतमूर्तींची. कर्नाड आपल्याला ‘उंबरठा’मधल्या सुभाष महाजनमुळे ओळखीचे. इथे ते प्राणेशाचार्य झाले आहेत. आज मी गोष्ट शेवटापर्यंत सांगणार आहे, त्यामुळे ज्यांना आधी पाहायचा आहे त्यांनी पाहून या. आपण इथेच आहोत.

मागे एका रविवारी मी हा सिनेमा घरी लावला. शेजारपाजारची सात माणसं होती. दिवे लावले तेव्हा पहिला प्रश्न आला, “मग पुढे काय झालं?” दुसरा म्हणाला, “आचार्य सगळं कबूल करणार, दिसतंय ना.” तिसरा म्हणाला, “छे, परत गप्प बसणार.” चहा होईपर्यंत दोन तट पडले होते. तुमच्यापैकीही अनेकांचं म्हणणं असतं की अशा सिनेमाचा शेवट कळत नाही. म्हणून आज एकच गोष्ट पाहू. शेवट कळला नाही असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय कळलेलं नसतं?

आधी नाव. मराठीत ‘संस्कार’ म्हटलं की आपल्याला आठवतं ते चांगलं वळण. मुलांवर संस्कार हवेत, वगैरे. पण ‘अंत्यसंस्कार’ही आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. कन्नडमध्येही हे दोन्ही अर्थ आहेत आणि गोष्ट त्या दोन अर्थांच्या मधोमध उभी आहे. एका माणसाचा अंत्यसंस्कार अडला आहे, आणि त्यामुळे ज्यांच्यावर उत्तम संस्कार झालेत असं मानलं जातं, त्यांची परीक्षा लागली आहे.

दुर्वासपूर नावाच्या अग्रहारात नारणप्पा तापाने मरतो. तो जन्माने ब्राह्मण, पण दारू प्यायचा, मांस खायचा आणि चंद्री नावाच्या बाईबरोबर राहायचा. त्याला वाळीत टाकायची हिंमत कुणी केली नव्हती, कारण तसं केलंत तर मी मुसलमान होईन अशी त्याने धमकी दिली होती. म्हणजे तो मेला तो ब्राह्मण म्हणूनच. मूलबाळ नाही. मग अग्नी कुणी द्यायचा? आणि प्रेत घरात असेपर्यंत अग्रहारात कुणाला जेवता येत नाही. चंद्री आपले दागिने काढून समोर ठेवते, की यात क्रियाकर्म करा. दागिने दिसताच आधी नको म्हणणाऱ्यांच्या मनात चलबिचल सुरू होते.

निर्णय प्राणेशाचार्यांवर येतो. ते मोठे विद्वान, घरी वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली बायको भागीरथी. ते रात्रभर ग्रंथ चाळतात, उत्तर नाही. मारुतीच्या देवळात जाऊन कौल मागतात, उत्तर नाही. परतताना अंधारात, रानात त्यांची चंद्रीशी गाठ पडते आणि दोघं एकत्र येतात. त्यानंतर आचार्यांचं जगणंच उलटंपालटं होतं. गावात उंदीर मरून पडतायत, गिधाडं छपरांवर बसलीयत. प्लेग आलाय. भागीरथीही जाते. तिला अग्नी देऊन आचार्य गाव सोडतात, भटकतात, आणि शेवटी परत फिरतात. घडलं ते सगळ्यांसमोर सांगायचं का? गोष्ट त्या परतीच्या वाटेवर थांबते.

हा सिनेमा पाहणाऱ्यांचं एकमत कधीच झालं नाही. मद्रासच्या सेन्सॉरने आधी त्याला बंदीच घातली. यातून लोकांच्या भावना भडकतील आणि माध्व ब्राह्मणांची बदनामी होते, असं म्हणणं होतं. बंदी उठली आणि त्याच सिनेमाला १९७० सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कन्नड सिनेमाला मिळालेला हा पहिला. पुढे व्ही. एस. नायपॉल यांनी १९७७च्या ‘इंडिया : अ वूंडेड सिव्हिलायझेशन’मध्ये या गोष्टीवर लिहिलं. त्यांना आचार्यांमध्ये एका थकलेल्या संस्कृतीतला, नियमांशिवाय स्वतःला ओळखू न शकणारा माणूस दिसला.

याच्या उलट वाचन ए. के. रामानुजन यांचं. ते इथलेच, जन्म म्हैसूरचा, १९२९चा. त्यांनी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद केला, तो १९७६ साली पुस्तकरूपात आला. त्याला जोडलेल्या टिपणात त्यांनी एक उपयोगी गोष्ट दाखवली. माणसाला एका अवस्थेतून दुसरीत नेणाऱ्या विधीचे तीन टप्पे असतात. पहिल्यात माणूस आपल्या लोकांपासून वेगळा होतो. दुसऱ्यात तो अधांतरी असतो, ना इकडचा ना तिकडचा. तिसऱ्यात तो बदललेला माणूस म्हणून परत सामील होतो. मुंजीत हे आहे, लग्नात आहे आणि सुतकातही आहे. सुतकात घर तेरा दिवस बाजूला असतं, मग गोडाचं जेवण होतं आणि माणसं पुन्हा व्यवहाराला लागतात. प्राणेशाचार्य पहिल्या दोन टप्प्यांतून जातात. तिसरा आपल्याला दाखवलेलाच नाही.

आता मराठीतला एक सिनेमा शेजारी ठेवून पाहू. सुमित्रा भावे यांचा ‘दिठी’, दि. बा. मोकाशींच्या ‘आता आमोद सुनांसि आले’ या कथेवरचा. रामजी लोहार, जुना वारकरी, त्याचा तरणा मुलगा पुरात वाहून गेलेला. किशोर कदम यांनी तो केला आहे. दुःखाने तो दगड झालेला आहे. एका पावसाळी रात्री अडलेल्या गाईला सोडवायला त्याला बोलावतात, वासरू जन्मतं आणि त्याच्या आत काहीतरी मोकळं होतं. तिथे तिसरा टप्पा आपल्या डोळ्यांसमोर पूर्ण होतो. आपण रडतो आणि हलके होऊन उठतो. ‘संस्कार’ आपल्याला हलकं होऊ देत नाही. म्हणून आपण भांडायला लागतो.

आमच्याकडचं भांडण रंगात आलं असताना मूळच्या बेळगावच्या एक वहिनी गप्प होत्या. मी विचारलं, तुम्हाला काय वाटलं? त्या म्हणाल्या, “त्या आचार्याचं काय ते तो बघू दे की. तिनं रात्रीच उरकलं, ते बघितलं नाही का कुणी?”

खरं सांगते, आम्ही कुणीच ते नीट पाहिलं नव्हतं. सगळं अग्रहार शास्त्र शोधत असताना चंद्री वाट पाहून थकते. कादंबरीत ती आधी एका गाडीवानाकडे जाते, तो ब्राह्मणाच्या प्रेताला हात लावायला घाबरतो. मग ती मासळीचा व्यापार करणाऱ्या अहमद बारीकडे जाते. नारणप्पाने त्याला कधीकाळी बैलांसाठी पैसे दिलेले असतात. तो गाडी आणतो, लाकडं आणतो, आणि मध्यरात्री प्रेत जाळलं जातं. चंद्री रडते, आणि कुंदापूरला निघून जाते. ब्राह्मणांना पत्ताही नाही. प्रेत अजून आत आहे असंच समजून ते पुढेही वाद घालत राहतात. प्रेत राहिलेलं नाही हे फक्त तिला, बारीला आणि आपल्याला माहीत असतं. आणि तरीही आपण पाहणारे त्या ब्राह्मणांच्याच बाजूला जाऊन बसतो, आणि आचार्यांनी काय करावं यावर वाद घालतो.

वहिनींनी मग थोडं सांगितलं. २०२१च्या मे महिन्यात त्यांचा भाऊ गेला. घरच्यांना जवळ जाता आलं नाही. ज्यांनी नेलं, ज्यांनी अग्नी दिला, त्यांची नावंही कळली नाहीत. “कोण होते, कुठल्या जातीचे, काय माहीत. पण केलं बघा त्यांनी,” एवढंच त्या म्हणाल्या. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे. या गोष्टीत दोन शेवट आहेत. एक उघडा आहे, तो आचार्यांचा. दुसरा बंद झालेला आहे, तो चंद्रीचा, आणि तो मध्येच, रात्रीच्या अंधारात, फारसा गाजावाजा न करता होतो. अख्ख्या गावात नारणप्पासाठी रडणारं माणूस एकच, ती. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, म्हणून अधिकार कुणाचा हा प्रश्न तिला पडला नाही, तिने काम केलं. बाकीच्यांपुढे प्रश्न आहे, कारण त्यांच्यापाशी शोक नाही, फक्त अडचण आहे. आचार्यांचा शेवट उघडा का, याचंही उत्तर मला इथेच दिसतं. त्यांना चंद्रीबद्दल काय वाटतं, भागीरथीच्या जाण्याचं त्यांना किती दुःख आहे, हे त्यांचं त्यांनाच अजून उमगलेलं नाही. ज्याचा शोक सुरूच झाला नाही, त्याचा शेवट दिग्दर्शकाने कुठून आणायचा?

चंद्रीचं काम स्नेहलता रेड्डींनी केलंय. त्या पट्टाभिराम रेड्डींच्या पत्नी. आणीबाणीत बडोदा डायनामाइट प्रकरणाच्या संदर्भात त्यांना अटक झाली. दम्याचा आजार असताना त्या बंगळूरच्या तुरुंगात राहिल्या आणि सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९७७मध्ये गेल्या. हे माहीत असलेल्याला तो चेहरा आज वेगळा दिसतो. सिनेमा तोच असतो, पाहणारा आपलं काहीतरी घेऊन आलेला असतो.

आणि याची सुरुवातही एका प्रेक्षकापासूनच झाली आहे. अनंतमूर्ती बर्मिंगहॅमला शिकत असताना त्यांनी बर्गमनचा ‘द सेव्हन्थ सील’ पाहिला. त्यातही प्लेग आहे, मृत्यू आहे, उत्तर न देणारा देव आहे. सिनेमा स्वीडिश आणि खाली इंग्रजी अक्षरं नव्हती. म्हणजे संवाद कळण्याचा प्रश्नच नव्हता. त्या न कळलेल्या सिनेमातून त्यांना आपलं मलनाडातलं बालपण आठवलं आणि ‘संस्कार’ लिहून झाली, १९६५ साली छापली गेली. शेवट कळला नाही म्हणून ते अडून बसले असते तर आपल्याला ही गोष्ट मिळाली नसती.

तेव्हा पुढच्या वेळी असा सिनेमा पाहिलात, तर “मग पुढे काय झालं?” हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी विचारा, यात खरं दुःख कुणाला झालंय? त्या माणसाने काय केलं? बऱ्याचदा ते उत्तर पडद्यावर येऊन गेलेलं असतं, आपण दुसरीकडे बघत असतो.

तुम्ही ‘संस्कार’ पाहिला असेल तर चंद्री तुम्हाला कुठे दिसली, ते मला जरूर कळवा. आचार्यांचं काय झालं असेल तेही लिहा, भांडायला मी तयार आहे. भेटू पुढच्या भागात.