उन्हाळ्याच्या सुटींतील उपासना



मे महिना उजाडला कीं गिरगांव ओस पडूं लागतें. शाळांना कुलपें लागतात, न्यायालयांना सुटी असते, आणि जो तो गांवची वाट धरतो. परळ-लालबागच्या गिरण्या चालू होत्या त्या काळीं तर कामगारांच्या खोल्याच्या खोल्या या दिवसांत रिकाम्या होत. ही ओहोटी ख्रिस्ती मंडळ्यांनाहि लागते. शब्बाथशाळेंतील मुलें मामाच्या गांवीं, गायकवृंदांतले निम्मे गळे नगरला नाहीं तर कोंकणांत, आणि पाळकहि कधीं रजेवर. अशा वेळीं घरांतील श्रद्धा जतन कशी व्हावी, एवढ्यापुरतेंच आज बोलावयाचें आहे. अन्यधर्मीय श्रोत्यांनाहि हा प्रश्न परका वाटणार नाहीं. चातुर्मास सरल्यावर नेमांचें काय होतें, हें त्यांच्या घरीं ठाऊक असतेंच.

ही ढिलाई नेमकी केव्हां येते पाहा. पाश्चात्त्य पंचांगाप्रमाणें पुनरुत्थानाचा सण 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान पडतो. त्याआधीं चाळीस दिवसांचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार. सारी मंडळी कशी जागी असते! सण झाला कीं आपण हुश्श करतों आणि बिछाने बांधावयास लागतों. परंतु पंचांग तेथें थांबत नाहीं. सणापासून चाळिसाव्या दिवशीं स्वर्गारोहण आणि पन्नासाव्या दिवशीं पवित्र आत्म्याच्या आगमनाचा दिवस. हे दोन्ही बहुधा आपल्या सुटींतच येतात. ज्या काळाला आपण रिकामा समजतों त्याच काळांत पहिले शिष्य यरुशलेमेंत एका माडीवर जमून प्रार्थनेंत दिवस काढीत होते. त्याच्या आधीं पेत्र पुन्हां मासे धरावयास गेला होता, हेंहि योहानानें लपविलेलें नाहीं. सणानंतरची मरगळ कांहीं आजची नव्हे.

गिरगांवांतील खोताच्या वाडीसारख्या जुन्या ईस्ट इंडियन वस्त्यांनीं या काळाचा उपयोग फार पूर्वींच ओळखला. मुंबईंतल्या गल्लीबोळांत जे क्रूस दिसतात, त्यांपैकीं कित्येक 1896 सालीं सुरू झालेल्या प्लेगच्या साथींत नवसानें उभारले गेले. कॅथलिक परंपरेंत मे महिना मरियेच्या भक्तीचा. त्या महिन्यांत संध्याकाळीं शेजारीपाजारी अशा क्रूसापाशीं जमतात, मेणबत्त्या लावतात, जपमाळ म्हणतात. त्यासाठीं धर्मगुरूच हजर पाहिजेत असें नाहीं. वाडींतली एखादी वृद्ध बाईहि पुढें होऊन सुरुवात करते. 3 मे हा क्रूसशोधाचा सण 1960 सालीं रोमच्या सर्वसाधारण पंचांगांतून निघाला. तरी मुंबईच्या जुन्या गांवठाणांत मे महिन्यांत क्रूसाचे सण होतातच. याच दिवसांत त्या घरांच्या अंगणांत मिरच्या वाळत असतात आणि वर्षभराचा मसाला कुटून बाटल्यांत गच्च दाबून भरला जातो. आगोटीच्या आधीं काय भरून ठेवावें, हें आमच्या बायकांना जितकें कळतें तितकें मंडळीच्या पंचांना कळेल तर बरें!

आम्हां प्रॉटेस्टंट घरांना क्रूसाचा चौथरा नाहीं; पण आमच्यापाशीं पद्यें आहेत. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईंतच झाला, आणि 9 मे 1919 रोजीं, म्हणजे ऐन उन्हाळ्यांत, याच शहरांत त्यांनीं देह ठेवला. त्यांनीं ख्रिस्तभक्तीला अभंगाचें वळण दिलें. याचा व्यावहारिक लाभ आपण पुरता ओळखीत नाहीं. बाजाची पेटी, गायकवृंद, बांकें यांपैकीं कांहीं नसलें तरी अभंग म्हणतां येतो; टाळ असले तर उत्तम, नसले तर हात आहेत. त्यांनीं अपुरें ठेवलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें, तेंहि घरांतच बसून.

एक कबुली देतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही सहकुटुंब आजोळीं गेलों होतों. चर्च दहा-बारा किलोमीटरांवर. पहिल्या रविवारीं घरींच शास्त्रपाठ केला. दुसऱ्या रविवारीं पाहुणे आले. तिसऱ्या रविवारीं आंबे उतरावयाचे होते. चौथा रविवार आला नि गेला, तो कोणाच्या ध्यानांतहि राहिला नाहीं. दादरला परतावयाच्या आदल्या संध्याकाळीं माझी धाकटी मुलगी ओट्यावरून आंत आली व म्हणाली, “बाबा, पणजीआजी रोज एकटीच कां गाते?” आजी त्या महिन्यांत एकहि दिवस चुकली नव्हती. तिनें आम्हांला एका शब्दानें बोलावलें नाहीं, रागावलीहि नाहीं. ती संध्याकाळ मीं तिच्याजवळ बसून काढली, आणि मला दुसरें कडवें पाठ येत नव्हतें.

तेव्हांपासून आमच्या घरचा नेम अगदीं लहान आहे. स्तोत्रें दीडशें, दिवसाला पांच वाचलीं तर तीस दिवसांत पुरीं होतात, असा जुना हिशेब आहे. आम्हांला पांच झेपत नाहींत. दिवेलागणीला एक स्तोत्र, एक पद्य, आणि घरांतील सर्वांत लहान मुलाच्या शब्दांत एक प्रार्थना. दहा मिनिटें पुरतात. पाहुणे असले तर त्यांनाहि बसवतों. एका ब्राह्मण मित्रानें तर टाळ मागून घेतले. आजी आतां नाहीं. परंतु गांवाला निघतांना तिचें पद्यांचें पुस्तक पेटींत भरण्याचें काम मुलगी दुसऱ्या कोणाला करूं देत नाहीं, आणि तें ती कपड्यांच्या वर ठेवते.