तैलरंगांचा छंद, पण जरा जपून

निवृत्तीनंतर किंवा मुले शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यावर पुष्कळजण चित्रकलेकडे वळतात. मीही दवाखाना सांभाळून दोन वर्षांपासून तैलरंगात व्यक्तिचित्र शिकतो आहे. रीत जुनीच आहे. थोर चित्रकाराचे एक चित्र समोर ठेवायचे आणि त्याची नक्कल करायची. मी डच चित्रकार रेम्ब्रांट (१६०६-१६६९) याचे उतारवयातले आत्मचित्र घेतले. मूळ चित्र लंडनच्या केनवुड हाऊसमध्ये आहे, माझ्यापुढे असते ते छापील. हातात रंगफळी व कुंचले, मागे दोन मोठी वर्तुळे. सैल कातडी, डोळ्यांखालची सूज, जाड नाक, यांतले काहीच त्याने लपवलेले नाही. माणसाचे वय कसे वाचावे हे या एका चेहऱ्यावरून डॉक्टरनेही शिकावे!

नक्कल करताना आधी तपकिरी रंगात छायाप्रकाश मांडतात, तो वाळला की त्वचेचे रंग चढवतात. इथेच आरोग्याचा प्रश्न येतो. रेम्ब्रांटच्या काळी पांढरा रंग शिशापासून करीत, आणि जुन्या पद्धतीची पुस्तके आजही त्याची शिफारस करतात. तो लवकर वाळतो, त्वचेला छान लागतो, हे खरेच. पण शिसे शरीरात साठत जाते. पोटात कळा, बद्धकोष्ठ, रक्तक्षय, हातापायांतील अशक्तपणा ही त्याची लक्षणे. लहान मुलांच्या मेंदूला आणि गर्भाला तर थोडेही शिसे घातक. इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात चित्रकारांच्या दुखण्यांचीही दखल आहे.

तेव्हा वाचकहो, ट्यूब घेताना तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. 'पी डब्ल्यू १' म्हणजे शिशाचा पांढरा; 'फ्लेक व्हाइट' नावाखाली तोच असू शकतो. 'पी डब्ल्यू ६' म्हणजे टायटॅनियम, 'पी डब्ल्यू ४' म्हणजे जस्त. माझे काम टायटॅनियमवर उत्तम चालते. 'पी आर १०६' हा खरा हिंगुळ, त्यात पारा असतो, तोही नको. पिवळी माती, अंबर आणि काळा यांतच या चेहऱ्याचा मोठा भाग निघतो.

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक डोकेदुखीची तक्रार घेऊन आले. रक्तदाब ठीक, चष्म्याचा नंबर ठीक. "गुरुजी, नवीन काही सुरू केलंय का?" असे विचारल्यावर कळले, तेही रात्री खिडक्या लावून चित्र काढतात, शेजारी टर्पेंटाइनचे उघडे भांडे! त्याच्या वाफेने डोके दुखते, घसा खवखवतो, दमेकऱ्याचा दमा उसळतो. हाताला लागत राहिल्यास खरूजही उठते असे लोक म्हणतात, पण तो असतो त्वचेचा दाह. गुरुजींना खिडक्या उघड्या ठेवायला आणि भांड्याला झाकण लावायला सांगितले. गोळ्या लिहून दिल्या नाहीत. आठवड्यात डोके थांबले. वास कमी असलेले द्रावण मिळते, पण वास नाही म्हणजे वाफ नाही असे नव्हे. मी तर कुंचला आधी फडक्याने पुसतो, मग जवसाच्या तेलात आणि शेवटी साबणाने धुतो.

फडक्यांविषयी मात्र विशेष सांगायचे आहे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही, ते हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्यात उष्णता निर्माण होते. तेलकट फडक्यांचा बोळा कोपऱ्यात पडला तर आपोआप पेट घेऊ शकतो. म्हणून फडकी मोकळ्या हवेत, एकेक पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवू नये. रंगाच्या हाताने चहा-बिस्कीट नको. वाळलेला रंग घरात घासू नये, त्याची धूळ श्वासात जाते. ट्यूबा मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. शिशाचा रंग बरेच दिवस वापरला असेल आणि पोटदुखी किंवा थकवा हटत नसेल, तर रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना आपला छंद आपणहून सांगावा. ते बहुधा विचारणार नाहीत.